फिक्स्ड स्कोप घ्यायचा तर कितीचा? आधी जवळचा बार बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पेनसिल्व्हेनियात राहता, वय पन्नाशीच्या पुढे, .३०८ काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. व्हाइटटेल हरणाच्या सीझनमध्ये निम्मे दिवस पॉटर काउंटीच्या गच्च जंगलात जाता, तिथे हरीण ३०-४० यार्डांवर येईपर्यंत दिसतच नाही, आणि उरलेले दिवस ओळखीच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला मचाणावर बसता, तिथे २५० यार्डांपर्यंत बार (गोळी झाडायची संधी) मिळू शकतो. व्हेरिएबल (पॉवर कमी-जास्त करता येणारा) नकोय, एकाच पॉवरचा म्हणजे फिक्स्ड स्कोप हवाय (स्कोप म्हणजे रायफलवरची दुर्बीण, पॉवर म्हणजे ती किती पट मोठं दाखवते), आणि ४, ६ की १० यात गाडी अडकलीय. दुकानातला माणूस म्हणतो १० घ्या, लांबचं स्पष्ट दिसेल.

१० घेऊ नका. ४ आणि ६ मध्ये कुठला हे मी पुढे सांगतो पण १० आत्ताच डोक्यातून काढा.

कारण असं आहे की फिक्स्ड स्कोप निवडताना सगळे जण सर्वात लांबच्या बारापासून विचार सुरू करतात आणि तिथेच गणित चुकतं. निवड करायची ती सर्वात जवळच्या, सर्वात घाईच्या बारावरून. लांबच्या बाराला तुमच्याकडे वेळ असतो, टेकू असतो, हरीण शांत चरत असतं, तिथे पॉवर थोडी कमी पडली तरी काम होतं. जवळच्या बाराला दोन-तीन सेकंद असतात, आणि तेवढ्यात स्कोपमध्ये हरीण सापडलंच नाही तर पुढचं काहीच होत नाही. किंवा त्याहून वाईट, नुसते तपकिरी केस दिसतात, खांदा की पोट ते कळत नाही, आणि माणूस घाईत चाप ओढतो. जखमी हरीण जंगलात निघून जाणं यासारखी वाईट गोष्ट या छंदात दुसरी नाही.

आकडे बघा. ४ पॉवरच्या स्कोपमधून १०० यार्डांवर साधारण २४ फूट रुंदीचं दृश्य दिसतं, ६ मधून साधारण १७-१८ फूट, १० मधून ११-१२ फूट. आता हेच ३० यार्डांवर आणा, म्हणजे सरळ ०.३ ने गुणा. ४ पॉवरला सात फुटांच्या वर, ६ ला सव्वापाच फूट, १० ला साडेतीन फूट. मोठं व्हाइटटेल नाकापासून शेपटीपर्यंत पाचेक फूट धरा. म्हणजे ३० यार्डांवर ४ मध्ये हरीण आणि आजूबाजूची झाडं दोन्ही दिसतात, ६ मध्ये हरीण जेमतेम मावतं, १० मध्ये अर्धं हरीण. आणि ते लॉरेलच्या (तिथल्या दाट झुडपांच्या) जाळीतून चालत असेल तर १० मध्ये तुम्ही त्याला शोधतच बसणार.

आता लांबची बाजू. इथे एक सोपा हिशोब आहे, अंतराला पॉवरने भागा. २५० यार्डांवरचं हरीण ४ पॉवरमधून साधारण ६२ यार्डांवर नुसत्या डोळ्याने दिसेल तेवढं दिसतं, ६ मधून ४२ यार्डांवर दिसेल तेवढं. ६२ यार्डांवर उभ्या हरणाचा खांदा तुम्हाला चष्म्याशिवाय, दुर्बिणीशिवाय दिसतो की नाही? दिसतो. मग २५० ला १० पॉवर हवीच असा आग्रह कशासाठी.

मॅग्निफिकेशन वाढलं की नेम सुधारतो ही समजूत खूप खोलवर बसलेली आहे. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, त्या प्रकारात स्कोप चालतच नाही, रायफलवरच्या साइटमध्ये लेन्स नसते, नुसतं बारीक छिद्र आणि पुढे रिंग. आणि टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं, म्हणजे एक सेंटीमीटरच्या जेमतेम वर. नेम येतो तो शरीर स्थिर ठेवण्यातून, श्वासातून, चाप सरळ मागे ओढण्यातून. स्कोपचं काम सावज ओळखता येणं आणि क्रॉसहेअर (स्कोपमधली नेम धरायची फुली) कुठे टेकलाय ते नीट दिसणं एवढंच. उलट जास्त पॉवरमध्ये स्वतःची थरथर पण मोठी होऊन दिसते, क्रॉसहेअर नाचायला लागतो, आणि उभ्याने किंवा झाडाला टेकून बार टाकणारा माणूस "आता आला, आता आला" करत चाप झटक्यात ओढतो. रेंजवर बेंचवर बसून हे कळत नाही, कारण तिथे सँडबॅग असते.

आता तुमची .३०८ काय करते ते बघू, कारण स्कोपचा विचार गोळीच्या वाटेपासून वेगळा करता येत नाही. १५० ग्रेन वजनाची साधी, मऊ टोकाची (सॉफ्ट पॉइंट) गोळी, फॅक्टरी काडतूस, डब्यावर २८२० फूट प्रति सेकंदाच्या आसपासचा वेग लिहिलेला. ती २०० यार्डांना झीरो केलीत (म्हणजे त्या अंतरावर नेम धराल तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवलात) तर ५० यार्डांना साधारण १ इंच वर, १०० ला २ इंचांच्या आसपास वर, २५० ला ४ इंचांच्या आसपास खाली, आणि ३०० ला ९ इंचांच्या आसपास खाली लागते. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण ८ इंच व्यासाचा धरतात, म्हणजे मध्यापासून ४ इंच वर आणि ४ इंच खाली. म्हणजे काय, तर बंदुकीच्या तोंडापासून जवळपास २५० यार्डांपर्यंत तुम्हाला टरेट (स्कोपवरची नेम जुळवायची चकती) फिरवायचा नाही, काही मोजायचं नाही, मध्यावर धरायचं आणि चाप ओढायचा. अगदी २५० च्या टोकाला मध्यापेक्षा जरासं वर धरा, पाठीच्या वर मात्र कधीच नको. तुमची सगळी वेगवेगळी अंतरं याच पट्ट्यात बसतात. म्हणून तुम्हाला फिक्स्ड पॉवर चालते, नाहीतर मीच व्हेरिएबल घ्या म्हटलं असतं. (हे आकडे डब्यावरचे आणि टेबलमधले आहेत, तुमच्या रायफलच्या नळीतून वेग थोडा वेगळा निघेल. म्हणून २५० ला प्रत्यक्ष कागदावर बार टाकून बघितल्याशिवाय तेवढ्या अंतरावर हरणावर टाकू नका.)

फिक्स्डचा एक फायदा लोक विसरतात. व्हेरिएबलमध्ये, अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये, पॉवर बदलली की क्रॉसहेअरने झाकलेलं माप बदलतं. फिक्स्डमध्ये ते कायम तेच. ल्युपोल्ड या स्कोप कंपनीनं १९६२ मध्ये ड्युप्लेक्स रेटिकल (क्रॉसहेअरची आखणी) आणलं, बाहेरून जाड आणि मध्ये बारीक, आज जवळजवळ सगळ्या कंपन्या तसलं काहीतरी देतात. त्यात खालचा जाड दांडा जिथे संपतो ते टोक तुमचा दुसरा एमिंग पॉइंट होऊ शकतं. १०० यार्डांवर एक मोठा कागद लावा, त्यावर इंचाइंचाला आडव्या रेघा मारा, क्रॉसहेअर सर्वात वरच्या रेघेवर धरा आणि खालच्या जाड दांड्याचं टोक कितव्या रेघेवर येतं ते लिहून ठेवा. समजा ६ इंचांवर आलं, तर २०० ला ते १२ इंच, ३०० ला १८ इंच झाकणार, सरळ प्रमाण. हे एकदा केलं की आयुष्यभर बदलत नाही, आणि कॅम्पवर अंतराचा अंदाज घ्यायला पण उपयोगी पडतं. हरणाची छाती पाठीपासून खालपर्यंत साधारण १५ ते १८ इंच असते, ती त्या मापात किती भरते ते बघायचं.

दुसरा फायदा सवयीचा. एकच चित्र, दरवेळी तेवढंच. डोळ्याला आणि गालाला ते पाठ होतं. व्हेरिएबलवाले सकाळी मचाणावर ९ वर ठेवून बसतात, मग उतरून जंगलातून परतताना पुढ्यातून हरीण उठतं, स्कोप अजून ९ वरच. हे मी दर सीझनला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. त्यांना शिस्त पाळता आली तर व्हेरिएबल उत्तमच आहे, त्यात दुमत नाही. पूर्वी व्हेरिएबलवर लोकांचा भरवसा नसायचा, पॉवर फिरवली की झीरो सरकायचा, आत ओल शिरायची. आताच्या चांगल्या कंपन्यांच्या व्हेरिएबलमध्ये हा त्रास फारसा राहिलेला नाही आणि लेन्सवरच्या कोटिंगमुळे प्रकाशाचा फरकसुद्धा डोळ्याला कळण्याएवढा राहिलेला नाही. फिक्स्डमध्ये हलणारे भाग कमी, लेन्स कमी, वजन कमी. ल्युपोल्डचा जुना ४×३३ (४ पॉवर, ३३ मिलीमीटरची पुढची लेन्स) नऊ-साडेनऊ औंसांचा होता, साधा ३-९×४० बारा-तेराच्या घरात जातो. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला तेवढंही जाणवतं.

आता ४ की ६.

संधिप्रकाशाचा मुद्दा इथे येतो. पेनसिल्व्हेनियात हरणाची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि मोठा नर हमखास त्या शेवटच्या वीस मिनिटांत शेताच्या कडेला येतो. स्कोपमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाला एक्झिट प्युपिल म्हणतात, पुढच्या लेन्सचा व्यास भागिले पॉवर. ४×३२ ला ८ मिलीमीटर, ६×३६ ला ६, ६×४२ ला ७, १०×४२ ला ४.२. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलीमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास. म्हणजे तुमच्या डोळ्याला ४×३२, ६×३६, ६×४२ तिघांचाही उजेड जवळपास सारखाच, जास्तीचा प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वायाच जातो. पण तो पूर्ण वाया जात नाही, कारण वर्तुळ मोठं असलं की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं होत नाही, घाईत रायफल खांद्याला लावताना हे फार मोलाचं आहे. १० पॉवरला ४.२ म्हणजे अंधार पडताना चित्र आधी मंद होणार आणि डोळा पण अगदी नेमक्या जागी लागणार, दोन्हीकडून नुकसान.

आणि उजेड सारखा असला तरी तपशील ६ मध्ये जास्त कळतो. यासाठी जर्मन लोक ट्वायलाइट फॅक्टर काढतात, पॉवर गुणिले लेन्सचा व्यास, त्याचं वर्गमूळ. ४×३२ ला ११.३, ६×४२ ला १५.९. हा आकडा काचेचा दर्जा सांगत नाही, त्यामुळे स्वस्त ६×४२ हा चांगल्या ४×३२ पेक्षा सरस ठरेलच असं नाही, पण एकाच दर्जाच्या काचेत संध्याकाळी शिंगं आहेत की फांद्या हे ६ मध्ये आधी कळतं. पेनसिल्व्हेनियात २००२ पासून नराच्या शिंगांना किती टोकं हवीत याचे नियम आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे नुसता हौसेचा नाही. जर्मनीत ८×५६ इतका का चालतो हेही यातच आलं, ते लोक रात्री चांदण्यात उंच मचाणावरून रानडुकरांची शिकार करतात, तिथे ती मोठी लेन्स लागतेच. आपल्याला इथे रात्री हरणावर बार टाकायचाच नाही, त्यामुळे एवढं अवजड नळकांडं रायफलवर वाहून नेण्यात अर्थ नाही.

माझं मत असं. तुम्ही जंगलात बसून वाट बघत असाल, एखाद्या वाटेवर किंवा ओढ्याच्या काठी झाडाला टेकून, तर ६×४२ किंवा ६×३६ घ्या. ३० यार्डांवर चालत येणारं हरीण ६ मध्ये सापडतं, दोन्ही डोळे उघडे ठेवून रायफल खांद्याला लावायची सवय केलीत तर नक्कीच. पण तुमच्या कॅम्पवर हाका करत असतील, म्हणजे निम्मे लोक जाळीतून आवाज करत येतात आणि निम्मे पुढे उभे राहतात, आणि हरणं धावत सुटतात, तर ४ घ्या, दुसरा विचार नको. तिथे २० यार्डांवरून पळत जाणाऱ्या हरणासाठी ६ अरुंद पडतो, साडेतीन फूट फक्त. (हाक्यात धावत्या हरणावर बार टाकावा का, हा वेगळा विषय. मी टाकत नाही, समोर माणसं असतात.) तुमच्या लिहिण्यावरून मला तुम्ही बसणारे वाटता, म्हणून माझा कौल ६ ला.

कुठला घ्यावा? ल्युपोल्डचे एफएक्स मालिकेतले ६×३६ आणि ६×४२, आणि त्याच्याही आधीचे एम-८ हे वापरलेले खूप फिरतात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असले तरी कंपनी पावती न मागता दुरुस्त करून देते, म्हणून वापरलेला घ्यायचा तर मी तिकडेच आधी बघेन. श्मिट अँड बेंडर, कालेस, झाइस, मेऑप्टा यांचे युरोपियन ६×४२ काचेला अप्रतिम, पण जड आणि महाग, आणि ट्यूब ३० किंवा २६ मिलीमीटरची असू शकते, रिंग (स्कोप रायफलवर पकडून ठेवणारी कडी) घेताना बघा, अमेरिकन १ इंची रिंगमध्ये २६ ची ट्यूब कोंबू नका. एसडब्ल्यूएफएचा एसएस ६×४२ मजबूत आहे पण रेटिकल मिलच्या खुणांचं, बारीक, टार्गेटवाल्यांसाठी छान, लॉरेलच्या काळोखात मात्र मला ते हरवल्यासारखं वाटतं. जंगलासाठी जाड ड्युप्लेक्स किंवा जर्मन नंबर ४ हे जाड दांड्यांचं रेटिकल. जुना एल पासोत बनलेला वीव्हर के-४ किंवा के-६ स्वस्तात मिळाला तर हौस म्हणून ठीक, त्या काळचं कोटिंग आजच्यापुढे कमी पडतं, संध्याकाळी लगेच कळतं.

वापरलेला स्कोप हातात आला की टॉर्च घेऊन पुढच्या लेन्समधून आत प्रकाश टाका आणि मागून बघा. धुकट थर, बुरशीच्या रेषा, काळे कण असतील तर परत. हलक्या हाताने हलवा, आत काही खुळखुळायला नको. टरेट प्रत्येक क्लिकला जाणवला पाहिजे. आणि स्कोपच्या ट्यूबवर रिंगचे खोल ओरखडे असतील तर आधीच्या मालकाने स्क्रू किती आवळले होते ते कळतं.

पॅरॅलॅक्सची (डोळा मध्यापासून सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, त्याची) भीती तुम्ही विचारलीत, की ॲडजस्टमेंट नसलेला स्कोप २५० ला चुकेल का. शिकारीचे स्कोप साधारण १०० यार्डांना (काही १५० ला) सेट असतात. डोळा अगदी कडेला असला तर जास्तीत जास्त किती चूक, याचा हिशोब म्हणजे लेन्सच्या व्यासाचा अर्धा, गुणिले अंतरातला फरक, भागिले सेट अंतर. ४२ ची लेन्स, १०० ला सेट, बार २५० ला, २१ गुणिले १.५ म्हणजे ३१-३२ मिलीमीटर, सव्वा इंच. तोही डोळा पार कडेला असताना, मधोमध असला तर जवळजवळ शून्य. ४० यार्डांवर अर्धा इंच. ८ इंचांच्या लक्ष्यासाठी पैसे घालण्याइतकं हे मोठं नाही.

बसवताना मात्र घाई नको. स्कोप जितका खाली बसेल तितका बसवा, फक्त पुढची घंटी (स्कोपचं रुंद टोक) रायफलच्या नळीला टेकू नये आणि बोल्टचा हँडल अडकू नये, म्हणजे गाल स्टॉकवर घट्ट बसतो. आणि हे सगळं शिकारीचा जाड कोट घालून करा. टीशर्टवर जुळवलेला स्कोप डिसेंबरच्या जाड कोटावर डोळ्यापासून लांब जातो, कडेने काळं दिसायला लागतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, डोळे उघडायचे, पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं पाहिजे. नसेल तर स्कोप पुढे-मागे सरकवा, मान नाही. डोळ्यापासून साडेतीन ते चार इंच अंतर ठेवा, .३०८ चा धक्का फार नाही पण चढावर बार टाकताना भुवई फुटते. रिंगचे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, कंपनीने सांगितलंय तेवढेच, बहुतेक वेळा १५ ते १८ इंच-पाउंड.

नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धूसर होत नाही, पण बाहेरून होतो. रात्री थंड रायफल केबिनच्या गरम खोलीत आणली की काचेवर पाणी धरतं आणि सकाळी बाहेर नेली की गोठतं. रायफल रिकामी करून, केसमध्ये, गाडीत कुलपात थंडच राहू द्या. आणि मचाणावर बसल्यावर आयपीसवर (डोळ्याकडच्या काचेवर) श्वास सोडू नका, तो धुरकटला की दोन मिनिटं गेली.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि तुम्हालाही सांगणार. स्कोप हा बघायचं साधन नाही. झाडीत काही हललं, काय आहे बघू म्हणून रायफल वर उचलून स्कोपमधून बघणारा माणूस, समोर माणूस असेल तर त्याच्यावर भरलेली रायफल रोखून उभा असतो. नारिंगी जाकीट घातलेला माणूस सुद्धा जाळीमागून फक्त एक तपकिरी पँट म्हणून दिसू शकतो. गळ्यात ८×३२ ची साधी दुर्बीण ठेवा, ओळख दुर्बिणीतून पटवा, मागे टेकडी आहे की रस्ता ते बघा, मगच रायफल. स्कोपवर शंभर डॉलर कमी खर्च झाले तर चालेल पण दुर्बीण घ्याच. आपल्या भारतातल्या वाचणाऱ्यांसाठी, तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, तिथली हरणांची परिस्थिती वेगळी. इथे राज्याच्या गेम कमिशनने संख्येचा अंदाज घेऊन, टॅग (शिकारीचा परवाना-पट्टा) देऊन, सीझन आखून ही शिकार चालते, मी लिहिलंय ते फक्त त्या चौकटीतलं.

सीझनच्या आधी, ऑक्टोबरमध्येच, २०० ला झीरो करा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) शनिवारी सीझन उघडतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात रेंजवर उभं राहायला जागा नसते. आधी २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० ला दोन इंच वर, मग २०० वर खात्री. त्यानंतर बेंच सोडून द्या. गुडघ्यावर, बसून, झाडाला टेकून, काठीवर, ५० आणि १०० यार्डांवर. कोणत्या आसनात किती अंतरापर्यंत तुमचे सगळे बार आठ इंचांच्या कागदी प्लेटमध्ये पडतात ते लिहून ठेवा, ती तुमची हद्द, स्कोप कितीचाही असला तरी.

रायफलचं मॉडेल आणि तिच्यावर आत्ता कुठला बेस (रिंग बसवायची पट्टी) बसलाय ते कळवा, म्हणजे ४२ च्या लेन्सला लो रिंग पुरतील की मीडियम लागतील ते सांगतो, ३६ ला बहुतेक लो चालून जातील.